चांगला राज्यकर्ता कसा असावा, याबद्दल प्राचीन चिनी विचारवंत काय सांगतात?

मला विचाराल तर त्यांच्यातल्या मेन्शियस या विचारवंताची बैलाची गोष्ट आधी वाचा. इ.स.पूर्व ४थ्या शतकाच्या अखेरीस चीनमधल्या छी राज्यात शुआन नावाचा राजा होता. दरबारात बसला असताना त्याला खालून एक बैल नेताना दिसला. नव्या घंटेला बैलाचं रक्त लावायचा विधी होता. बैल थरथरत होता. राजा म्हणाला, "सोडा त्याला, मला बघवत नाही. मेंढी घ्या." लोक म्हणाले, राजा कंजूष आहे!

मेन्शियसने मात्र राजाची बाजू घेतली. बैल डोळ्यांसमोर होता, मेंढी नव्हती, म्हणून दया बैलाची आली. आणि राज्य करायला हेच मन लागतं. पण लगेच त्याने राजाला पेचात पकडलं: तुमची दया जनावरापर्यंत पोचते, मग प्रजेपर्यंत का नाही? जमत नाही असं नाही, तुम्ही करत नाही. राजाला तोंडावर असं सुनवायला काय छाती लागत असेल!

पुढे तो थेट पोटापाण्यावर येतो, आणि मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. पोटाची शाश्वती नसेल तर सामान्य माणसाचं मन थाऱ्यावर राहत नाही. त्याला तसं उपाशी ठेवायचं आणि गुन्हा केला की शिक्षा द्यायची, म्हणजे प्रजेला जाळ्यात पकडणं. उपायही साधे: घराभोवती तुतीची झाडं लावा, म्हणजे पन्नाशीच्या माणसाला रेशमी कपडा मिळेल, पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला वेठीला धरू नका.