ग्लेझची रेसिपी द्यायची तर शेवटच्या ओळीसकट द्या

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीतून आलेत, म्हणून उत्तर एकत्रच देते. तुम्ही लिहिलंय की पॉटरीच्या कार्यशाळेत मिळालेली निळ्या मॅट ग्लेझची, म्हणजे भांड्यावर काचेसारख्या बसणाऱ्या पण न चकाकणाऱ्या लेपाची, रेसिपी तुम्ही मैत्रिणीला दिली, तिने ती फोटोसकट सगळ्यांसमोर टाकली आणि शिकवणाऱ्या बाई दुखावल्या. वर मैत्रिणीच्या भट्टीत तीच ग्लेझ ओघळून शेल्फवर उतरली आणि तिचं म्हणणं असं की तुम्ही चुकीची रेसिपी दिलीत. तुम्ही विचारताय, रेसिपी वाटूच नये का? वाटावी, जरूर वाटावी. पण अर्धी वाटू नये. अर्ध्या रेसिपीची किंमत मी मोजली आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधीच सांगते, मी रसायनशास्त्र शिकलेली नाही. माझी भट्टी इलेक्ट्रिक आहे, माती स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची घट्ट माती), भाजणी कोन सहाला. कोन म्हणजे तापमान आणि वेळ मिळून भाजणी किती झाली त्याचं माप. गॅसवर रिडक्शन, म्हणजे भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवून भाजणी, करणाऱ्यांचे अनुभव वेगळे असतील, ते त्यांनी जरूर लिहावेत.

स्वतःची भट्टी घेण्याआधी मी एका शहरातल्या सामायिक स्टुडिओत महिन्याची फी भरून काम करायचे. नाव लिहीत नाही. तिथे एक टर्क्वाइज मॅट होती, मखमलीसारखी, हात फिरवत राहावा अशी. निघताना मी ती रेसिपी रीतसर मागितली, त्यांच्या ग्लेझच्या वर्गाची वेगळी फीसुद्धा भरली होती. मला एक झेरॉक्स मिळाली. घटक आणि टक्के सगळे बरोबर होते: नेफेलिन सायनाइट, बेरियम कार्बोनेट, बॉल क्ले, क्वार्ट्झ, वर कॉपर कार्बोनेट. मी चाचणीच्या छोट्या टाइल्स भाजून काढल्या, रंग हुबेहूब आला. मग एका कॅफेची ऑर्डर आली, बोल आणि थाळ्या, आणि त्यांना हाच रंग हवा होता.

भांडी द्यायच्या आधी मी एका प्रयोगशाळेत नमुना पाठवला. रिपोर्ट आला: शिसं आणि कॅडमियम, दोन्ही मर्यादेच्या आत. असणारच, ते त्या ग्लेझमध्ये नव्हतंच. बेरियम आणि तांबं त्यांनी तपासलंच नाही, कारण नेहमीच्या तपासणीत हे दोनच धातू असतात. भांड्यावर कोणती ग्लेझ आहे हे मी फॉर्मवर लिहिलं होतं. 'बेरियम आहे तर तेही बघायला हवं' एवढं एक वाक्य तिथला कुणी बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. नंतर फोन केला तर 'तुम्ही मागितलं नाही' एवढंच उत्तर मिळालं.

काही आठवड्यांत कॅफेवाल्यांचा निरोप आला. बोलच्या कडेला लिंबाची फोड राहिली तिथे फिकट पांढरा डाग पडलाय, सोलकढीच्या वाट्या तळाशी डागाळल्यात. लिंबू, आमसूल, टोमॅटो, लोणचं. आपल्या जेवणात आंबट नसतं कधी? आम्लाने ग्लेझमधून तांबं बाहेर येत होतं, आणि तांबं येत असेल तर बेरियमही येत असणार असंच धरून चालावं लागतं. बेरियम कार्बोनेट पोटातल्या आम्लात विरघळतं, ते उंदरांच्या विषातही वापरलं गेलंय. मी सगळी भांडी परत घेतली, पैसे परत केले आणि एकूण एक फोडली.

मग स्टुडिओला फोन केला. 'ती तर शोभेच्या कामाची ग्लेझ आहे, ते सगळ्यांनाच माहीत असतं.' पुढे कधीतरी तिथे गेले तेव्हा मूळ कागद भिंतीवर दिसला. रेसिपीच्या खाली हाताने लिहिलं होतं: फक्त बाहेरून, जेवणाच्या पृष्ठभागावर नको. माझ्या झेरॉक्समध्ये ती ओळ कापली गेली होती. ती मशीनच्या काचेवर नीट बसली नाही की मुद्दाम वगळली, हे मला कुणी सांगितलं नाही, दोनदा विचारूनही. मला आजही सर्वात जास्त लागतं ते हे गप्प बसणं. त्यानंतर तिथून आणखी किती जणांना ती झेरॉक्स गेली असेल, याचा विचार करून झोप उडायची.

म्हणून माझं ठाम मत: टक्क्यांची यादी म्हणजे रेसिपी नव्हे. कोन, भट्टीचं वातावरण, कोणत्या मातीवर, किती जाड, कशासाठी नको, आणि कुणाकडून आली, हे सगळं मिळून रेसिपी होते. मैत्रिणीची ग्लेझ का ओघळली हे तुमच्या पोस्टवरूनच दिसतंय. तुम्ही '१२२० डिग्री' लिहिलंय, कोन लिहिलेला नाही. कंट्रोलर १२२० दाखवतो, पण शेवटी पंधरा-वीस मिनिटं तिथेच धरलं तर त्याच आकड्यावर जवळजवळ एक कोन पुढे जाऊ शकतं. बाईंच्या भट्टीत होल्ड नसेल, मैत्रिणीच्या प्रोग्रॅममध्ये असेल. शिवाय जाडी. मी १०० मिली ग्लेझ वजन करून त्याचा आकडा बादलीवरच लिहिते, १४५ ग्रॅम वगैरे. 'दुधाच्या सायीइतकं' असं कुणी सांगितलं की मला काहीच कळत नाही, साय घरागणिक वेगळी.

आणि कच्चा माल. जुन्या अमेरिकन रेसिपी उचलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. अल्बनी स्लिप नावाची न्यूयॉर्क राज्यातली माती १९८० च्या दशकात बाजारातून गेली. गर्स्टली बोरेट या बोरॉनच्या खनिजाची खाण २००० च्या सुमारास बंद झाली आणि अनेक वर्षं साठ्यावर चाललं. या दोघांवर बेतलेल्या शेकडो रेसिपी अजून फिरताहेत आणि लोक त्यात जे मिळेल ते घालतात. आपल्याकडे त्याहून अवघड. राजस्थानचा फेल्स्पार पोत्यागणिक बदलू शकतो, आणि काही दुकानदार फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) पुन्हा पिशव्यांत भरून नंबर न लावता विकतात. 'कुठली फ्रिट?' विचारलं की 'ट्रान्सपरंट' म्हणतात. माझी विनंती आहे की रेसिपी देताना माल कुठून आणि कोणत्या वर्षी घेतला तेही लिहा. पुढच्याला शोधायला निदान एक धागा मिळतो.

रेसिपी लपवून ठेवल्याने फार काही वाचतं असंही मला वाटत नाही. जर्मनीत, सॅक्सनीतल्या माइसेनला १७१० मध्ये पोर्सिलेनचा कारखाना निघाला. ज्या ब्यॉटगरने हे साधलं त्याला राजाने वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं, तरी १७१९ मध्ये एक कारागीर निघून व्हिएन्नाला गेलाच. आणि रहस्य कळूनही व्हिएन्नावाल्यांना माती सॅक्सनीतूनच मागवावी लागली. उलट बाजूला ब्रिटिश पॉटर बर्नार्ड लीचची ४-३-२-१ ग्लेझ बघा: फेल्स्पार ४०, सिलिका ३०, व्हायटिंग २०, चायना क्ले १०, कोन १० ला. जगभरच्या भट्ट्यांमध्ये ती आहे, तरी प्रत्येकाची वेगळी दिसते. आपल्या निर्मला पटवर्धनांनी आयुष्यभर तपासलेल्या ग्लेझेस पुस्तकात छापून टाकल्या. ज्याला हव्या त्याने घ्याव्यात. कितीतरी मराठी पॉटर्स त्यावर उभे राहिलेत. त्यामुळे 'माझी गुप्त ग्लेझ' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही, पण नकार द्यायचा त्यांचा हक्क मी मानते. सरळ 'नाही देत' म्हणावं, त्यात वाईट काही नाही. मागणाऱ्याला कटवण्यासाठी एक घटक गाळून किंवा टक्के बदलून देणारे लोक मात्र मला भेटलेत. त्यांच्याबद्दल काय बोलू? समोरच्याची माती, वीज, शेल्फ, सगळं वाया जातं, आणि भांडं जेवणाचं असेल तर कुणाच्या पोटाचा प्रश्न असतो.

आता बाईंच्या नाराजीबद्दल. नुसत्या घटकांच्या यादीवर अमेरिकेत तरी कॉपीराइट लागत नाही, लिहिलेल्या वर्णनावर आणि फोटोवर लागतो. मी वकील नाही, आणि खरं सांगायचं तर कायद्याने इथे काही सुटतही नाही. बाईंनी ती रेसिपी वर्गातल्या लोकांना दिली. ती पुढे द्यायची का, हे विचारणं एका फोनचं काम होतं. अनेक शिक्षक आनंदाने हो म्हणतात, फक्त आपलं नाव आणि ज्यांच्याकडून ती आली त्यांचं नाव राहावं एवढीच अपेक्षा असते. पॉन्डिचेरीला १९७१ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकून बाहेर पडलेल्या लोकांमुळे देशभर ग्लेझेस पसरल्या. कुठली कुणाकडून आली हे सांगणारे लोक आजही भेटतात, आणि त्यांच्या रेसिपी मला जास्त भरवशाच्या वाटतात, कारण अडलं तर विचारायला एक माणूस सापडतो. नाव पुसलं की हा रस्ताच बंद होतो. मैत्रिणीने टाकलेल्या फोटोखाली कुणाचंच नाव नाही असं तुम्ही म्हणता. मला वाटतं बाईंना लागलंय ते हेच.

तुम्ही रेसिपीत काही बदललं असेल तर नावही बदला. बेरियम काढून स्ट्रॉन्शियम घालणारे बरेच आहेत, मीही केलंय, वजनाने साधारण पाऊण पट लागतं: १०० ग्रॅम बेरियम कार्बोनेटच्या जागी ७५ ग्रॅम स्ट्रॉन्शियम कार्बोनेट. रंग तोच येत नाही, टर्क्वाइज थोडा हिरव्याकडे जातो. तेव्हा जुनं नाव ठेवून नवी रेसिपी फिरवू नका. 'अमक्यांची मॅट, स्ट्रॉन्शियम बदल' असं लिहा. ग्लेझी या ग्लेझ-रेसिपींच्या वेबसाइटवर टाकणार असाल तर तिथे मूळ रेसिपीशी जोडायची सोय आहे, ती वापरा.

मागण्याबद्दलही एक सांगते, कारण ते कुणी शिकवत नाही. प्रदर्शनात स्टॉलवर गिऱ्हाईक उभं असताना 'ही ग्लेझ कशी केली हो?' विचारू नका. नंतर भेटा, आधी आपल्या टाइल्स दाखवा, कुठे अडलंय ते सांगा. ज्याने स्वतः प्रयत्न केलाय त्याला बहुतेक जण मन मोकळं करून सांगतात.

जेवणाच्या भांड्याची रेसिपी आली की मी बोलच्या आत ती लावून व्हिनेगरमध्ये चोवीस तास ठेवते. रंग उतरला किंवा चकाकी गेली तर ती ग्लेझ आतल्या बाजूला नाही, विषय संपला. रंग टिकला म्हणून ती सुरक्षित ठरत नाही हेही लक्षात ठेवा. विकणार असाल तर प्रयोगशाळेतच पाठवा आणि ग्लेझमध्ये जो धातू आहे त्याचं नाव लिहून तो तपासायला सांगा. लेखी घ्या. मी त्यासाठी पैसे भरलेत, तुम्ही भरू नका.

तुमच्यासाठी आता एवढंच: बाईंना आज फोन करा आणि विचारा की फोटो काढून टाकायचा की नाव आणि कोनसकट दुरुस्त करायचा. त्या म्हणतील तसं मैत्रिणीला करायला लावा. फोन चालूच आहे तर त्या ग्लेझमध्ये बेरियम, लिथियम किंवा मँगनीज आहे का आणि ती आतून चालते का, हेही विचारून घ्या, कारण तुमच्या पोस्टमधल्या रेसिपीत 'मॅट बेस' असा एक घटक नुसताच लिहिलाय आणि त्यात काय आहे ते कुठेच नाही. ते कळेपर्यंत तुम्ही दोघींनी केलेले कप बाजूला ठेवा, त्यातून चहा पिऊ नका. मैत्रिणीला सांगा, शेल्फवरची ग्लेझ छिन्नीने काढताना गॉगल आणि एन-९५ मास्क घालायचा, ग्लेझचे तुकडे काचेसारखे उडतात. साफ झाल्यावर अल्युमिना आणि चायना क्ले समसमान घेऊन शेल्फला नवा वॉश, म्हणजे ग्लेझ चिकटू नये म्हणून लेप, द्यायचा. आणि पुढची टाइल मातीच्या छोट्या ताटलीवर उभी करूनच भाजायची.