तुझा टॉवेल वाळतो का?

बाळा,

रविवारी तू येऊन गेलास तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय. तू ते टाइमटेबल दाखवलंस, पहाटे साडेचारला उठणं, थंड पाण्याची आंघोळ, भिजवलेले बदाम, रात्री नऊनंतर मोबाईल बंद, आणि वर विचारलंस की काका यातलं आधी काय धरू, माझं काहीच टिकत नाही. मी कागद हातात धरला होता पण बघत होतो तुझ्याकडे. अर्ध्या तासात तू चार वेळा मोरीत जाऊन आलास, भरीत-पुरी वाढली तरी डावा हात खिशातच. मला कळलं रे. मीही तसाच खिशातून वर्षभर खाजवलंय.

ते टाइमटेबल ठेव बाजूला. मला एकच सांग, तुझा टॉवेल वाळतो का?

हसू नको. रूमवर तुम्ही चौघं, एक दोरी, तीही पंख्याखाली, त्यावर जीन्स, मोजे, चड्ड्या आणि एकमेकांचे टॉवेल एकावर एक. सकाळी जो हाताला लागेल त्याने अंग पुसायचं. त्यात जळगावचा मे महिना, पारा ४५ च्या घरात, अभ्यासिकेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दहा तास घट्ट जीन्स घालून बसायचं. गजकर्ण म्हणजे बुरशी, तिला ऊब पाहिजे आणि ओल पाहिजे. तू तिला दोन्ही देतोय, वरून दोस्ताच्या टॉवेलातून ती दुसऱ्याच्या जांघेत पोचवतोय.

आता माझं ऐक. १९९१ ला मी धुळ्याला होस्टेलवर होतो, पाणी चार-पाच दिवसांआड, एका बादलीत दोघं. खाज सुरू झाली. सांगणार कोणाला, त्या जागेचं? एका मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, लावली की दोन दिवसांत लाली गायब, खाज गायब. मला वाटलं देवच भेटला. थांबवली की आठ दिवसांत पुन्हा, आधीपेक्षा मोठं कडं. पुन्हा ट्यूब. असं आठ महिने. नंतर कळलं की त्यात स्टिरॉइड होतं, ते खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. कातडी इतकी पातळ झाली की जांघेत रेघा पडल्या, त्या आजही आहेत, जायच्या नाहीत. असली स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम सरकारने २०१८ ला कडक केला, पण कोण विचारतं. तुझ्या ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघ. बघ म्हणजे आत्ता बघ.

पण रेघांचं मला काही नाही. दिवाळीत घरी गेलो, तिथे एकच पंचा सगळ्यांना. आई म्हणाली, "काय व्हयनं रे तुले?" मी म्हणालो उन्हाने घामोळं आलंय. फाल्गुनात ताईचं लग्न होतं. तिच्या मानेला आणि दंडाला कडी उठली, हळदीच्या दिवशी ती पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून बसली होती, कोणी काय लावलं असेल, कोणाची नजर लागली, बायांच्या चर्चाच चर्चा. मी मंडपात पाणी वाटत होतो, गप्प. अजून तिला सांगितलेलं नाही. वीस वर्षांचं पोर ते, लाजेने गप्प बसलं, त्या काळी कोणी काही शिकवत नव्हतं, माझी तरी काय एवढी चूक... जाऊ दे. चूक होतीच.

म्हणून आमच्या घरात पोरं मला टॉवेलकाका म्हणतात. म्हणू दे. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, रोज गच्चीवर उन्हात, आणि कडक वाळल्याशिवाय अंगाला लावायचा नाही. बायको म्हणते डोकं फिरलंय. अरे, वर्षाचे आठ महिने आपण ज्या उन्हाला शिव्या घालतो त्यात टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा होतो, फुकट! रेक्टर गच्चीला कुलूप लावतो म्हणालास ना, मग भांड त्याच्याशी. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात होते तेव्हा पोरांचे कपडे स्वतः धुवायचे म्हणतात, तुझ्या रेक्टरने नुसती चावी दिली तरी पुरे.

आंघोळ झाली की बोटांच्या बेचक्या, जांघ, काख कोरडी कर, मग कपडे. चड्डी सुती, सैल, रोज धुतलेली, आणि वाळलेली. पावसाळ्यात दमट घालण्यापेक्षा इस्त्री फिरव. मोजेही तसेच. ओलं ते अंगाला नाही, एवढं जरी केलंस तरी ते साडेचारला उठणं नंतर बघू, खरं सांगायचं तर मी स्वतः सातला उठतो.

आणि कातडीच्या डॉक्टरकडे जा. ते जितके आठवडे सांगतील तितके आठवडे औषध लाव, कडं दिसेनासं झालं म्हणून चौथ्या दिवशी बंद केलंस तर माझ्याशी बोलू नको. रूममधल्या ज्याला ज्याला आहे त्याला सोबत ने, नाहीतर एक बरा होईल आणि दुसरा त्याला परत देईल. लाज वाटत असेल तर मी येतो, दवाखान्यात मी बोलतो, तू नुसता बस.

शनिवारी मी मार्केटला जळगावात आहे. कपाटात दोन नवे टॉवेल पडलेत, पातळ आहेत, लवकर वाळतात, घेऊन येतो. ती ट्यूब सोबत आण. घरी मी काही बोललेलो नाही.

काका