शेवटच्या आठवड्याचा आकडा

नव्या उत्पादनाच्या वाढीवर शेअरचे आडाखे बांधण्यापूर्वी आपण टेस्लाच्या मॉडेल ३ चे २०१७-१८ मधील आकडे एकदा तिमाहीवार मांडून पाहावेत. सप्टेंबर २०१७ मध्ये दीड हजारांहून अधिक गाड्या निघतील, असे इलॉन मस्क यांनी जुलैत सांगितले होते. प्रत्यक्षात त्या संपूर्ण तिमाहीत २६० निघाल्या. नोंदणी लाखांत होती, म्हणजे गिऱ्हाईक नव्हते असे नाही. घोडे अडले ते नेवाडातील कारखान्यात, बॅटरीच्या मॉड्यूलच्या, म्हणजे अनेक घट एकत्र बांधलेल्या संचांच्या, जोडणीपाशी. आठवड्याला ५,००० गाड्यांचे लक्ष्य डिसेंबरवरून मार्चवर आणि तेथून जून २०१८ वर ढकलले गेले, आणि अखेर कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील मोटार कारखान्याच्या आवारात चक्क तंबू ठोकून, त्यात जोडणीची आणखी एक रांग उभारून, तिमाहीच्या शेवटच्या सात दिवसांत ५,०३१ गाड्या काढण्यात आल्या.

नवखा गुंतवणूकदार फसतो तो नेमका या शेवटच्या आकड्याला, कारण तो त्याला सरळ बावन्नने गुणतो. त्याच तिमाहीत मॉडेल ३ च्या एकूण २८,५७८ गाड्या तयार झाल्या होत्या. तेरा आठवड्यांनी भागल्यास सरासरी २,२०० च्या आसपास येते. माझ्या मते हिशेब याच सरासरीवरून सुरू करावा आणि पुढील तिमाहीत ती किती सरकते, तेवढेच पाहावे.