आपत्तीत गेलेल्या माणसांची नोंद

एकाच वेळी शेकडो माणसे दगावतात अशा आपत्तीत समाज म्हणून आपला प्रतिसाद कसा सुधारता येईल, असे आपण विचारले आहे. बचावकार्याविषयी इतर जाणकार लिहितीलच. मी तीस वर्षे महसूल खात्यात काम केले आहे आणि मला मृतांविषयी लिहायचे आहे. कारण पहिल्या तीन दिवसांत मृतदेहांचे काय होते यावर मागे राहिलेल्यांची पुढची कितीतरी वर्षे अवलंबून असतात, आणि नेमक्या याच कामाची तयारी आपल्याकडे सर्वांत कमी असते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी एका तहसील कार्यालयात नवखा लिपिक होतो. गणपतींचे विसर्जन नुकतेच आटोपले होते, माणसे उशिरा झोपली होती, आणि दगड-मातीच्या रुंद भिंती व वरचे जड माळवद झोपेतच त्यांच्या अंगावर कोसळले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यातच पाऊस सुरू होता. लोकांनी पडलेल्या घरांच्याच तुळया-वासे काढून सरणे रचली आणि एकेका सरणावर अनेकांना अग्नी दिला. त्या परिस्थितीत त्यांनी जे केले त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र नंतर आम्ही याद्या करायला बसलो तेव्हा सणासाठी माहेरी आलेल्या लेकी गावच्या शिधापत्रिकांत सापडेनात, काही स्त्रिया माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन नावांनी दोनदा लिहिल्या गेलेल्या आढळल्या, आणि बाहेरगावाहून आलेले सालगडी तर कोणत्याच यादीत नव्हते. एक म्हातारे गृहस्थ तीनदा येऊन एवढेच विचारत राहिले की, त्यांच्या लेकीला कोणी पाहिले आणि ती कोणत्या सरणावर गेली. आमच्याकडे त्याचे उत्तर नव्हते, आणि ते मला आजही सलते.

घाईघाईने सामूहिक अंत्यविधी करण्यामागे बहुतेक वेळा रोगराईची भीती असते. भूकंपात, दरड कोसळून किंवा पुरात दगावलेली माणसे बहुधा आघाताने किंवा बुडून गेलेली असतात, साथीच्या रोगाने नव्हे. त्यामुळे त्यांच्या देहांमुळे साथ पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना अनेक वर्षे सांगत आली आहे. पिण्याच्या पाण्यात मृतदेह असेल किंवा मृत्यूच कॉलऱ्यासारख्या रोगाने झाला असेल तर काळजी घ्यावी लागते, हे खरे. एरवी साथीचा धोका वाचलेल्यांच्या छावणीतील घाण पाणी आणि शौचालयांचा अभाव यांतून येतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मृतदेहांच्या व्यवस्थेसंबंधी २०१० मध्येच स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या गावपातळीपर्यंत फारशा पोहोचलेल्या नाहीत, असा माझा अनुभव आहे.

प्रत्यक्ष करायचे काम फार अवघड नाही. प्रत्येक देहाला जिथे सापडला तिथेच एक क्रमांक द्यावा, तो न पुसणाऱ्या शाईने लिहून देहालाच बांधावा, चेहऱ्याचे, कपड्यांचे, दागिन्यांचे आणि गोंदणाचे छायाचित्र त्या क्रमांकासह घ्यावे, आणि अंगावरची वस्तू काढलीच तर तिच्या पिशवीवरही तोच क्रमांक घालावा. एवढे अर्ध्या तासात झाले, तर पुढे चेहरा ओळखण्यापलीकडे गेला तरी माणूस हरवत नाही. ओडिशातील बहानगा येथे २ जून २०२३ रोजी रेल्वे अपघात झाला, तेव्हा सुरुवातीला मृतदेह जवळच्या शाळेत ठेवले गेले, काही देहांवर एकाहून अधिक कुटुंबांनी हक्क सांगितला आणि डीएनए तपासणी करावी लागली. २८ देहांना शेवटपर्यंत कोणी नातेवाईक भेटला नाही. शाळेत देह ठेवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण मुलांना त्याच वर्गात परत यायचे असते. तिथल्या मुलांच्या भीतीमुळे पुढे ती इमारत पाडावी लागली. याउलट वायनाडमध्ये २०२४ च्या दरडींनंतर पुथुमला येथे ओळख न पटलेल्यांचे दफन करताना प्रत्येक जागेवर क्रमांक लावला गेला. त्यामुळे डीएनए जुळल्यावर आपले माणूस कुठे आहे हे कुटुंबाला कळू शकले.

जे सापडतच नाहीत त्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता असतानाच चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. कायद्याने बेपत्ता माणूस मृत मानायला एरवी सात वर्षे लागतात. तोवर मृत्यूचा दाखला नाही, दाखल्याशिवाय वारस नोंद नाही, सात-बारावर फेरफार नाही, विमा नाही, आणि बाईला स्वतःला विधवा म्हणवून घ्यायचे की नवऱ्याची वाट पाहायची हेही ठरवता येत नाही. उत्तराखंडमध्ये २०१३ च्या प्रलयानंतर चौकशी करून, नावे जाहीर करून आणि हरकती मागवून हा कालावधी टाळण्याची पद्धत वापरली गेली. अशी पद्धत प्रत्येक आपत्तीनंतर नव्याने आदेश काढून नव्हे, तर कायमची लागू असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही तयारी गावातच का हवी, तेही सांगतो. माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला, तेव्हा गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एका एसटी चालकाच्या लक्षात आले. पथके येईपर्यंत देह बाहेर काढणारे शेजारच्या वाड्यांतले लोकच असतात, आणि त्यांना क्रमांकाचे महत्त्व आधीच ठाऊक असावे लागते. त्या हातांना नंतर झोप येत नाही, म्हणून आरोग्य केंद्राने काही महिने त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करणेही याच कामाचा भाग मानावे.

निवृत्तीनंतर मी आमच्या ग्रामपंचायतीला विनंती करून मृग लागण्यापूर्वी एक बैठक सुरू केली आहे. पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई आणि शिक्षक वाडीनिहाय कुटुंबांची वही अद्ययावत करतात, तिच्यात पाहुणे, ऊसतोड मजूर आणि बाळंतपणाला आलेल्या लेकी यांच्यासाठी वेगळे पान असते, आणि वहीची एक प्रत शेजारच्या गावात ठेवली जाते.