ऑब्जेक्ट छापताना : वाचकांचे प्रश्न

जावा, पायथन या प्रोग्रामिंग भाषांत ऑब्जेक्ट (एखाद्या वस्तूची एकत्र ठेवलेली माहिती) छापला की भलतेच काही दिसते, ही तक्रार सोलापुरातील विद्यार्थ्यांकडून आणि टॉवेल-चादरींच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून सारखी येत असल्याने काही प्रश्न एकत्र घेत आहे.

प्रश्न : जावामध्ये ‘चादर’ ऑब्जेक्ट छापल्यावर क्लासचे नाव, ॲटचे चिन्ह आणि पुढे अंक-अक्षरे येतात. शिकवणीत सांगितले की तो मेमरीतला पत्ता असतो.

उत्तर : नाही. तो षोडशमान (१६ च्या पायावरील) पद्धतीत छापलेला हॅशकोड, म्हणजे ऑब्जेक्टसाठी काढलेला एक पूर्णांक, असतो. पत्त्याची ही ऐकीव गोष्ट नोट्समधून खोडून टाका. ऑब्जेक्टचा मजकूर बनवणारी टूस्ट्रिंग मेथड ओव्हरराइड केलीत, म्हणजे आपल्या क्लासमध्ये स्वतः लिहिलीत, की ‘चादर, डबल, मरून, ४५० रुपये’ असे वाचता येईल.

प्रश्न : जावामध्ये पूर्णांकांचा ॲरे (ओळीने ठेवलेली मूल्ये) नीट छापला जात नाही.

उत्तर : ॲरेज क्लासमधील टूस्ट्रिंग वापरा.

प्रश्न : पायथनमध्ये एसटीआर मेथड (वाचण्याजोगा मजकूर देणारी) लिहूनही यादी छापल्यावर घटक क्लासच्या नावासह कोनी कंसातच दिसतात.

उत्तर : यादी आपल्या घटकांसाठी रेप्र ही दुसरी, प्रोग्रामरसाठी मजकूर देणारी मेथड वापरते. एकच मेथड लिहायची असेल तर रेप्र लिहा. एसटीआर नसल्यास प्रिंटही तीच वापरते.

प्रश्न : सर्व फील्डसह (ऑब्जेक्टमधील माहितीच्या सर्व रकान्यांसह) जावाची टूस्ट्रिंग बनवून देणारे टूल विकत घेऊन कामगारांच्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळीकडे लावले. योग्य केले ना?

उत्तर : पैसे वाया गेले, कारण हे काम इक्लिप्स हे प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर फुकट करते आणि जावा १६ पासून रेकॉर्ड (माहिती साठवण्यासाठीचा क्लासचा प्रकार) स्वतःच करतो. मात्र माझी खरी काळजी ‘सर्व फील्ड’ ही आहे. लॉगच्या (प्रोग्रामच्या कामाच्या नोंदींच्या फाइलच्या) ओळीत ऑब्जेक्ट जोडला की टूस्ट्रिंग आपोआप चालते आणि कामगाराचा बँक खाते क्रमांक, आधार, पासवर्ड उघड्या अक्षरांत फाइलमध्ये उतरतात. पुढे काही बिघडले की तीच फाइल दुरुस्तीसाठी व्हॉट्सॲपवरून बाहेर जाते आणि तिच्या प्रती कोणाकोणाकडे राहिल्या, हे मालकालाही कळत नाही. रेकॉर्डही सारे छापतो, तेव्हा तेथेही मेथड स्वतः लिहा. ओळख पटण्यापुरता कामगार क्रमांक ठेवा, खात्याचे फार तर शेवटचे ४ अंक दाखवा आणि पासवर्ड कधीही छापू नका. शिवाय कामगार विभागाला व विभाग कामगाराला छापू लागला, तर ते न थांबता एकमेकांना बोलावत राहतात आणि प्रोग्राम स्टॅक ओव्हरफ्लो होऊन (त्यासाठीची मेमरी संपून) कोसळतो. ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ म्हणू नका. जुन्या लॉगमध्ये काय साठले आहे, हे सुरक्षेच्या जाणकाराकडून याच आठवड्यात तपासून घ्या आणि फाइल बाहेर गेली असल्यास २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याबाबत वकिलाचा सल्ला घ्या.