पेशी नव्हे, स्नायू

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांच्या एका आहारपत्रकात ‘पेशी टिकवण्यासाठी भरपूर प्रथिने घ्या’ असे छापले आहे. येथे ‘पेशी’ हा शब्द योग्य आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे. योग्य नाही, आणि ही चूक वारंवार कानी पडत असल्यामुळे आता ती सहन होत नाही. हिंदीतल्या ‘मांसपेशी’तले ‘मांस’ गाळून उरलेला शब्द मराठीत आणला की अर्थच पालटतो: मराठीत पेशी म्हणजे ‘सेल’, आणि हिंदीतली मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. कर्करोगाच्या वॉर्डात ‘पेशी कमी झाल्या’ म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या, आता पुढचा डोस लांबणार. आमच्या शेजारचे आजोबा रक्ताचा रिपोर्ट हातात धरून ‘रोज दोन अंडी खाऊनही पेशी वाढल्या नाहीत’ म्हणून खंतावत होते. पत्रक बोलत होते ते त्यांच्या दंडामांड्यांविषयी!

यावर संस्कृतज्ञ मंडळी सुश्रुतसंहिता पुढे करतात. तिच्यात ५०० पेशी आणि ९०० स्नायू वेगळे मोजले आहेत, पेशी म्हणजे मांस आणि स्नायू म्हणजे बांधणाऱ्या दोऱ्या, तेव्हा मराठीच चुकली, असा त्यांचा निवाडा. दाखला खरा आहे, निवाडा साफ चुकीचा आहे. गुजरातीतही स्नायू म्हणजे मांसाचाच स्नायू, तर बंगालीत तोच शब्द मज्जातंतूसाठी वापरतात, मग कोणाकोणाला चुकीचे ठरवायचे? ‘स्नायू’चे मूळ पिळण्या-विणण्याच्या धातूकडे जाते आणि ग्रीक ‘न्यूरॉन’ हा त्याचाच सख्खा भाऊ. न्यूरॉन म्हणजे आधी कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी), धनुष्याची दोरी, आणि फार पुढे मज्जातंतू. माझे ठाम मत असे, की मराठीत अर्थ दोरीवरून ती ताणणाऱ्या मांसाकडे सरकला. दोरी आणि तिचा ताण वेगळे करता येत नाहीत. आणि त्या ग्रीक भावाला आज आपण काय म्हणतो? चेतापेशी! म्हणजे स्नायूचा भाऊ मराठीत येऊन पेशी झाला.

पत्रकातले ‘भरपूर’ही मोघमच आहे. कर्करोगाच्या रुग्णांसाठीची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ग्रॅमहून अधिक, शक्य तर १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिने सांगतात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात, हे कळले की ६० किलोच्या माणसाला आपले ताट मोजता येते. म्हणून वाक्य असे हवे: ‘स्नायूंची झीज रोखण्यासाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम (वजन ६० किलो असल्यास ६० ते ९० ग्रॅम) प्रथिने घ्या आणि झेपेल तेवढा व्यायाम करा, मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.’