अनोळखी शहरात पहिल्यांदा जाताना राहायची जागा कशी निवडावी?
हॉटेल नंतर, आधी भाग ठरवा. जी ठिकाणं बघायचीत त्यांच्या खुणा नकाशावर करा. जिथे खुणांची दाटी होईल, तिथल्या मेट्रो किंवा रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा शोधा. अंतर मात्र चालण्याच्या रस्त्यानेच तपासा. नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारं हॉटेल मध्ये रूळ किंवा नदी आली की चांगलं दोन किलोमीटर लांब जातं, आणि सामान ओढत तो वळसा नको वाटतो. विमानतळाजवळची खोली पहाटेच्या विमानापुरती ठीक. एरवी वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याच्या खिशात. अभिप्रायांतले ताजे, तीन ताऱ्यांचे आधी वाचा. रात्रीचा गोंगाट, बंद लिफ्ट, कोमट पाणी, सगळं तिथेच कळतं. रद्द करता येणारंच बुकिंग घ्या.